जपानच्या शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक : निघण्यापूर्वीचा ताळेबंद

विदर्भातील अनेक जैन व्यापारी कुटुंबांचे पूर्वज राजस्थान, गुजरात किंवा बुंदेलखंडातून येथे आले. भाषा निराळी, गिऱ्हाईक अनोळखी, शुद्ध आहाराची सोय आपली आपण करायची, अशा स्थितीत त्यांनी दुकान मांडले आणि गाव आपलेसे केले. आज भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील मुले-मुली परदेशाचा विचार करतात, तेव्हा याच अनुभवाची शिदोरी त्यांच्या उपयोगी पडते. संगणक-क्षेत्राबाहेरच्या पदवीधरांना साजेशी, पण आपल्याकडे फारशी परिचित नसलेली एक नोकरी म्हणजे जपानी शाळांतील इंग्रजीच्या सहायक भाषा-शिक्षकाची.

जपान सरकारने १९८७ मध्ये 'जेट' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातील बहुसंख्य उमेदवार शाळांत इंग्रजीचे सहायक असतात. कोणत्याही शाखेची पदवी आणि उत्तम इंग्रजी आवश्यक असते. अध्यापनाची पदवी सक्तीची नसते. निवड त्या त्या देशातील जपानी दूतावासामार्फत होते. भारतातून निवडले जाणारे सहायक मोजकेच असतात, हे आरंभीच ध्यानी घ्यावे. करार १ वर्षाचा असतो आणि नूतनीकरणाने तो ५ वर्षांपर्यंत वाढू शकतो. वर्गाची मुख्य जबाबदारी जपानी शिक्षकाची असते. उच्चार, संभाषण, खेळ व वाचन यांत सहायकाने साथ द्यायची. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या ५ वी व ६ वीत इंग्रजी हा नियमित विषय झाल्याने लहान मुलांचे वर्गही वाट्याला येतात. ज्याने स्वतः इंग्रजी प्रयत्नपूर्वक आत्मसात केली, त्याला अडखळणाऱ्या मुलाची अडचण लवकर उमगते. भंडाऱ्याच्या उमेदवाराची ही जमेची बाजू होय.

नेमणूक टोकियोतच होईल असे मात्र नाही. पुष्कळांना लहान गावे मिळतात, जेथे शाळेच्या खिडकीतून भाताची खाचरे दिसतात. तलावांच्या आणि धानाच्या जिल्ह्यात वाढलेल्याला हे दृश्य परके वाटू नये.

आता हिशेब. एप्रिल २०२५ पासून या कार्यक्रमात पहिल्या वर्षाचे वेतन ४०,२०,००० येन, म्हणजे दरमहा ३,३५,००० येन आहे. त्यातून प्राप्तिकर, आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा होते. या आकड्याचे रुपये करून आनंद मानण्यापूर्वी खर्चही येनमध्येच मांडावा. भाड्याचे घर घेताना परत मिळणारी अनामत आणि घरमालकाला द्यावयाची परत न मिळणारी रक्कम, असे दोन भार पडू शकतात. अनेक ठिकाणी जामीनही लागतो. घर ठरल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. पहिला पगार येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. म्हणून किमान २ महिन्यांच्या खर्चाचे भांडवल वेगळे ठेवावे. स्थानिक रहिवासी कर मागील वर्षाच्या उत्पन्नावर असल्याने त्याचा भार दुसऱ्या वर्षी जाणवतो. वैद्यकीय खर्चाचा साधारण ३० टक्के वाटा रुग्णाचा असतो. निवृत्तिवेतनाची वर्गणी ६ महिने वा अधिक भरली असल्यास, देश सोडल्यावर २ वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परतावा मागता येतो. खासगी कंपन्याही असे सहायक पुरवतात. तेथे विमानभाडे, विमा आणि सुट्ट्यांतील वेतन यांची कलमे सहीपूर्वी वाचावीत.

खरी कसोटी आहाराची. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण त्यांच्या नित्याच्या बोलण्यात मासा 'मांस' या शब्दात येत नाही. वरून निव्वळ भाजीचे दिसणारे सूपही बहुधा वाळवलेल्या माशाच्या अर्कावर केलेले असते. त्याला 'दाशी' म्हणतात. पावातही अंडे वा चरबी असू शकते. बौद्ध मठांतील शाकाहारात मांस-मासे नसले तरी कंदमुळे व आळिंबी असतात. म्हणून मांस, मासे, अंडी व दाशी ही चारही नावे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ बाळगावी. प्राथमिक शाळेत सर्वजण एकच भोजन वर्गातच घेतात. आपला डबा आणण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून पहिल्याच दिवशी नम्रपणे मागावी. भात व टोफू सर्वत्र मिळतात, पण डाळी व मसाल्यांची तजवीज आधी करावी लागते.

व्रतांचा विचार वेळापत्रकासह करावा लागतो. जेटचे बहुतेक उमेदवार जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचतात, म्हणजे पर्युषण व दशलक्षण पर्व नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यांत येते. डिसेंबरात टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि त्याच सुमारास शाळेचे कामकाज संपते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याने दुपारच्या डब्यासोबत सायंकाळचाही डबा न्यावा. कोबे येथे १९८५ पासून जैन मंदिर आहे, टोकियोच्या ओकाचिमाची या जवाहिऱ्यांच्या पेठेत जैन व्यापारी आहेत. परंतु दूरच्या गावातील सहायकाला हा आधार रोज मिळत नाही. नियम कोणते व किती, हे मुलाने वा मुलीने घरच्यांशी बोलून स्वतः ठरवावे. वडीलधाऱ्यांच्या धाकाने घेतलेला नियम एकट्या खोलीत टिकत नाही. स्वतः समजून घेतलेला टिकतो.

एकटेपणाचाही हिशेब असतो. जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. येथे रात्री ९ वाजता दुकान वाढवून वडिलांनी फोन केला तर तेथे साडेबारा वाजलेले असतात. त्यापेक्षा दुपारी दीडला बोलावे. तेथे ५ वाजलेले असतात.

हा मार्ग कोठवर नेऊ शकतो? अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक प्रथम जपानी भाषा शिकण्यास गेले, पुढे माहिती-तंत्रज्ञान व बँकिंग क्षेत्रात स्थिरावले. २०१९ मध्ये ते टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या परिषदेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील सरकारी शाळेचे प्राचार्य झाले. त्यांची वाट सहायक शिक्षकाची नव्हती, तरी भाषा व लोकजीवन यांत केलेली गुंतवणूक किती फळते, हे तिच्यावरून कळते.

बहुतेक तरुण वर्ष-दोन वर्षांनी परततील, आणि त्यात कमीपणा नाही. जपानी भाषेचे ज्ञान, वेळेची शिस्त आणि अनोळखी माणसांत स्वतःचे नियम सांभाळून सलोख्याने राहण्याची सवय, ही पुंजी घरच्या व्यवसायातही व्याज देते. भांडवल, आहार आणि परतीची मुदत या तीन बाबी निघण्यापूर्वी घरी बसून कागदावर मांडल्या, की निरोप देणाऱ्यांचे मनही हलके होते.