प्रोटॉनचा खरा गुण

नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला जाणाऱ्या गाडीने खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये कर्करोगाच्या इलाजासाठी जाणारे मराठवाड्यातले रुग्ण थोडे नाहीत; टाटा स्मारक केंद्राच्या या संस्थेत २०२३ साली प्रोटॉन उपचार सुरू झाल्यापासून 'हे किरण अधिक जालीम, म्हणून अधिक गुणकारी' अशी समजूत त्यांच्या आप्तांत ऐकू येते. वस्तुतः पेशी मारण्यात प्रोटॉन (अणुकेंद्रातील धनभारित कण) क्ष-किरणांहून सुमारे एकदशांशानेच सरस मानला जातो. त्याचा खरा गुण नेमके थांबण्यात आहे.

पाटाचे पाणी वाटेतली जमीन भिजवीत झाडापलीकडेही वाहून जाते, तसे क्ष-किरण गाठीच्या अलीकडे-पलीकडे शक्ती सांडतात. ठिबकच्या नळीचे पाणी मुळाशी उतरते, तसा प्रोटॉन आपली सर्वाधिक शक्ती अखेरच्या टप्प्यावर (ब्रॅग शिखर) मोकळी करतो. वाटेत काहीच पाझरत नाही, असे मात्र नव्हे. लहान मुलांच्या व मेंदूतील गाठींत याचा लाभ विशेष. इतर अनेकांस मराठवाड्यातच मिळणारा क्ष-किरणांचा इलाज पुरेसा असतो.

हा नेमकेपणा श्वासापुढे मात्र हतबल होतो: बारीक शलाका गाठीचा एकेक थर भरीत असता फुप्फुस काही मिलिमीटरांनी हलले, तरी मात्रा चुकते. म्हणून थराच्या खोलीनुसार ऊर्जा बदलण्याचा अवधी घटवून सारी मात्रा एका रोखलेल्या श्वासात देण्याची तजवीज संशोधक करीत आहेत. सेकंदाच्या आत मात्रा देणारी 'फ्लॅश' पद्धत अमेरिकेतील सिनसिनाटीत दहा रुग्णांवर आजमावली गेली असली, तरी ती अद्याप नित्याचा उपचार नाही.