उबळत्या तुरीची पन्नास वर्षं

आदिलाबादच्या काळ्या रानात तूर सहसा एकटी नसते. कपाशीच्या काही तासांनंतर तिचं एक तास. घरचं वरण आणि हातात येणारे चार पैसे, दोन्हीची भिस्त त्यावर. म्हणून ऐन फुलोऱ्यात तूर उबळली की जिवाला लागतं. बुंध्यापासून जांभळट पट्टा वर चढतो. साल सोलली तर आतल्या लाकडात काळ्या रेघा. हा मर रोग. दुसरा वांझ रोग. त्यात झाड मरत नाही, उलट झुडपासारखं माजतं, बारीक फिकट पानं फुटत राहतात आणि शेंग धरतच नाही.

मर रोगाची बुरशी कवकशास्त्रज्ञ बटलर यांनी 1910 मध्येच नोंदवली होती. पण ती जमिनीत राहते, फवाऱ्याला दाद देत नाही. वाणच चिवट हवा होता. तो शोधण्याच्या कामाला खरा नेट आला 1972 नंतर, हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था उभी राहिल्यावर. य. ल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे रोगाला मुद्दाम घरात घेतलं. उबळून मेलेल्या तुरीचे तुकडे एकाच रानात पुन्हा पुन्हा गाडून माती पुरती रोगट केली आणि त्यातच वाण पेरले. जे तगले, तेच पुढे. वांझ रोगाची परीक्षा तर फारच साधी: रोगट झाडाचं पान कोवळ्या रोपाच्या पानाला स्टेपलरच्या पिनेनं जोडायचं. ते पान वाळू लागलं की त्यावरचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोळी हिरव्या पानावर उतरतात आणि रोग सोबत नेतात. ज्या विषाणूमुळे हे सगळं होतं, त्याची ओळख 2000 मध्ये पटली. तोवर प्रतिकारक वाण शेतात पोचले होते! या कामाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचसाठी.

पहिलं मोठं यश 1986 चं. महाराष्ट्रातल्या एका देशी तुरीतून निवडलेला ‘मारुती’ कर्नाटकात प्रसारित झाला. मर रोगापुढे तो उभा राहिला, वांझ रोगापुढे मात्र टिकला नाही. 1993 मध्ये ‘आशा’ आली, दोन्हींना तोंड देणारी. मराठवाड्यात बदनापूरच्या संशोधन केंद्रानं याच काळात बीएसएमआर 736 दिला आणि नंतर लवकर येणारा, पांढऱ्या दाण्याचा बीडीएन 711. पाऊस लवकर उघडला तर हलक्या रानात लवकर येणारा वाणच दाणे भरतो, त्यामुळे उत्पन्नाचा हिशेब नुसत्या रोगावर सुटत नाही. आदिलाबाद आणि महाराष्ट्र यांच्यामधल्या पैनगंगेच्या दोन्ही काठांना सोयरिकी आहेत. बियाणं त्या वाटेनंही इकडून तिकडे जातं.

2011 मध्ये तुरीचा जनुकीय आराखडा वाचला गेला, तो ‘आशा’चाच. रानटी नातलगाच्या मदतीनं संकरित तूरही निघाली. तिचा गाजावाजा मोठा झाला, पण माझ्या मते शेतकऱ्याला आधार दिला तो साध्या, सरळ वाणांनीच, कारण त्यांचं बी घरी धरता येतं.

अर्थात तेही जपून. तुरीच्या फुलावर मधमाश्या फिरतात आणि शेजारच्या रानातला पराग घेऊन येतात. चार-पाच हंगाम घरचंच बी पेरलं की वाणात भेसळ होते, प्रतिकार विरळ होतो आणि शेतकरी म्हणतो, वाण बिघडला. नव्या वाणाच्या घोषणेला मिळतं तेवढं लक्ष आणि तेवढाच पैसा शुद्ध पायाभूत बियाण्याला मिळायला हवा: दूरपर्यंत दुसरी तूर नसलेलं रान, आणि फुलोऱ्याआधी तासातासातून फिरून वेगळं दिसणारं प्रत्येक झाड उपटून टाकणारी माणसं.