कच्ची कालवे : धोके आणि विक्रीचे नियम

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरची खाडी असून तिच्या पलीकडे पुलिकतचे विस्तीर्ण सरोवर पसरले आहे. तेथील खडकांना व लाकडी खुंटांना खडबडीत कवचाची जी कालवे चिकटलेली दिसतात, त्यांच्या एका प्रमुख जातीस शास्त्रज्ञांनी ‘क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस’ असे नाव दिले. मद्रास हे शहराचे जुने नाव अशा रीतीने या प्राण्याच्या नावात कायमचे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स हॉर्नेल यांनी पुलिकत येथे कालवांची पद्धतशीर जोपासना करण्याचा प्रयत्न केला. पुढे १९७० नंतरच्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरीन येथे कालवशेतीचे तंत्र सिद्ध केले. आपल्या कोकणातही कालवे आवडीने खातात. परंतु ती शिजवून. कालव कच्चेच खाण्याची पद्धत मुख्यत्वे पाश्चात्त्य देशांतील असून आता ती मोठ्या शहरांतील काही उपाहारगृहांतही दिसू लागली आहे. म्हणून कच्चे कालव विकण्यास इतके कडक नियम का लागतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे मूळ कालवाच्या जीवनक्रमात आहे. कालव एका जागी खिळलेले असते व भक्ष्याच्या शोधार्थ कोठेही जात नाही. ते आपल्या कल्ल्यांवाटे पाणी आत घेते, त्यातील सूक्ष्म कण गाळून अन्न म्हणून ठेवते व उरलेले पाणी बाहेर टाकते. अनुकूल परिस्थितीत एक मोठे कालव दिवसाला शंभर लिटरांहून अधिक पाणी गाळू शकते. पाणी निर्मळ असल्यास या सवयीपासून कोणताच अपाय नाही. पाण्यात रोगजंतू वा विष असेल, तर मात्र तेच कालवाच्या शरीरात साठत जाते. शिवाय आपण माशाची आतडी काढून टाकतो, तर कालव सबंध खातो. म्हणजे पाण्यात जे होते ते सर्व ताटात येते.

हे धोके तीन प्रकारचे आहेत. पहिला धोका सांडपाण्याचा. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९०२ मध्ये विंचेस्टर व साउथॅम्प्टन येथील मेजवान्यांत एम्सवर्थ गावची कालवे वाढण्यात आली. त्या गावाचे मैलापाणी कालवांच्या वाफ्यांजवळच सोडले जात असे. पाहुण्यांपैकी अनेकांना विषमज्वर झाला व विंचेस्टरचे डीन त्यात मरण पावले. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात अशाच दूषित कालवांमुळे विषमज्वराची मोठी साथ उद्भवली. तीत सुमारे दीड हजार लोक आजारी पडले व सुमारे दीडशे दगावले. त्यानंतर १९२५ मध्ये त्या देशात शिंपल्यांच्या आरोग्यरक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

दुसरा धोका समुद्रात निसर्गतःच राहणाऱ्या ‘व्हिब्रिओ’ जातीच्या जंतूंचा. मैल्याशी त्यांचा संबंध असावाच लागतो असे नाही. त्यांना ऊब मानवते. इंग्रजी नावात ‘आर’ हे अक्षर असलेल्या महिन्यांतच कालवे खावीत, असा युरोपात एक जुना संकेत आहे. त्यायोगे मे ते ऑगस्ट हे उन्हाळ्याचे महिने वगळले जातात. चेन्नईचा समुद्र मात्र बारा महिने उबदार असतो, त्यामुळे तो संकेत येथे निरुपयोगी ठरतो.

तिसरा धोका विषाचा. चेन्नईच्या दक्षिणेस, कल्पाक्कमजवळील वायलूर येथे १९८१ साली आपल्याकडील तिसऱ्यांसारखे शिंपले खाल्ल्याने ८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले व तिघे मृत्युमुखी पडले. समुद्रातील काही एकपेशीय सूक्ष्म जीव ‘सॅक्सिटॉक्सिन’ नावाचे विष तयार करतात. त्यांची संख्या एकाएकी वाढली की शिंपल्यांत ते विष साठते. प्रथम ओठ व बोटे बधिर होतात. विषाची मात्रा मोठी असल्यास श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. या विषावर उतारा उपलब्ध नाही. रोग्याचा श्वास कृत्रिम उपायांनी चालू ठेवणे एवढेच वैद्यांच्या हाती असते. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की शिजविल्याने हे विष नष्ट होत नाही, आणि विषारी शिंपला दिसण्यात वा चवीत निराळा नसतो.

आता नियमांकडे वळू. पहिला नियम पाण्याविषयी आहे. युरोपीय संघात कालवांच्या क्षेत्रांचे वर्ग पाडलेले असतात. १०० ग्रॅम मांसात ‘ई. कोलाय’ जंतू साधारणतः २३० पेक्षा अधिक न आढळल्यास कालवे सरळ बाजारात जाऊ शकतात. त्याहून मलिन क्षेत्रांतील कालवे आधी शुद्ध करावी लागतात. हे जंतू बहुधा स्वतः फारसे घातक नसतात; परंतु ते मनुष्याच्या व प्राण्यांच्या आतड्यांत राहतात, म्हणून त्यांची उपस्थिती ही मैलापाणी पोहोचल्याची खूण होय.

दुसरा नियम शुद्धीकरणाचा. जिवंत कालवे एक-दोन दिवस निर्जंतुक केलेल्या वाहत्या खाऱ्या पाण्यात ठेवली असता ती आपल्या पोटातील घाण स्वतःच बाहेर टाकतात. तथापि या उपायाला मर्यादा आहेत. आतड्यांतील सामान्य जंतू लवकर निघून जातात. काही विषाणू व व्हिब्रिओ चिवटपणे टिकून राहतात, आणि विषावर तर या उपायाची भिस्त ठेवताच येत नाही. म्हणून विषासाठी वेगळी तपासणी करून, प्रमाण वाढताच ते क्षेत्र बंद करणे हाच मार्ग उरतो. आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार एक किलो मांसात सॅक्सिटॉक्सिनचे प्रमाण ०.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

तिसरा नियम थंडाव्याचा. कालव पाण्याबाहेर काढल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत थंडच राहिले पाहिजे, कारण उष्ण हवेत काही तासांतच व्हिब्रिओ अनेक पटींनी वाढतात. लिंबू पिळल्याने वा तिखट लावल्याने ते मरत नाहीत.

चौथा नियम नोंदीचा. कालवे कोठून व केव्हा काढली, हे सांगणारी चिठ्ठी प्रत्येक पोत्याबरोबर असावी लागते. अमेरिकेत विक्रेत्याने ही चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवावयाची असते. कोणी आजारी पडल्यास तिच्या आधारे नेमके क्षेत्र शोधून ते त्वरित बंद करता येते. विंचेस्टरच्या काळी अशी व्यवस्था नव्हती.

हे सर्व नियम पाळूनही कच्चे कालव पूर्णतः निर्धोक होते, असे म्हणता येत नाही. यकृताचे रोगी, मधुमेही, गर्भवती स्त्रिया, वृद्ध व लहान मुले यांनी ते टाळणेच इष्ट. इतरांनीही विकत घेताना कवच घट्ट मिटलेले आहे काय ते पाहावे. उघडे कवच टिचकी मारूनही मिटत नसेल, तर ते कालव मेलेले समजून टाकून द्यावे. ते कोणत्या पाण्यातून आले, हेही विक्रेत्याला अवश्य विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडील कालव कच्चे तर खाऊ नयेच. आणि वायलूरची घटना आठवली, तर ते शिजवून खाण्यापूर्वीही विचार करावा.