मत्स्यबीज तळ्यात सोडताना घ्यावयाची काळजी

शेतात पेरलेले बी उगवले नाही, तर आठ दिवसांत ते शेतकऱ्याच्या ध्यानात येते व दुबार पेरणी करता येते. तळ्यात सोडलेल्या मत्स्यबीजाची गोष्ट तशी नाही. मेलेले बीज पुष्कळदा तळाशी जाते, किंवा पक्षी व पाणकिडे त्याचा फडशा पाडतात. वरून पाणी शांतच दिसते. मालक मात्र रोज खाद्य टाकीत राहतो आणि दहा-बारा महिन्यांनी जाळे ओढल्यावर खरा प्रकार उघडकीस येतो. मग दोष बीजाला दिला जातो, नाहीतर पाण्याला. वास्तविक पुष्कळ वेळा नुकसान झालेले असते ते बीज सोडतानाच्या पहिल्या अर्ध्या तासात.

पूर्वी रोहू, कटला व मृगळ या माशांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे व मातीच्या हंड्यांतून दूरवर न्यावे लागे. १९५७ साली ओरिसातील अंगुळ येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही यांनी अंतःक्षेपणाच्या साहाय्याने या माशांचे प्रजनन यशस्वी करून दाखविले. तेव्हापासून बीज केंद्रावर तयार करणे शक्य झाले आणि ते प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून गावोगाव जाऊ लागले. साधने सुधारली, तरी माशाची प्रकृती बदललेली नाही.

तळ्याची पूर्वतयारी

बीज आणण्यापूर्वी तळे तयार असले पाहिजे. मरळ, शिंगाडा यांसारखे मांसाहारी मासे तळ्यात असतील, तर लहान बीज त्यांचे भक्ष्य होते. जाळ्याने ते पुरते निघत नाहीत. अशा वेळी मातीच्या तळ्यात मोहाची पेंड वापरतात. एक मीटर खोल पाणी असलेल्या दहा गुंठ्यांच्या तळ्यास सुमारे २५० किलो पेंड लागते. तिचा विषारी अंश दोन ते तीन आठवडे टिकतो; पुढे तीच पेंड खताचे काम करते. म्हणून पेंड टाकल्यावर घाई करू नये. बीज आणण्याच्या आदल्या दिवशी बारीक जाळीचा पिंजरा पाण्यात बांधून त्यात काही मासे ठेवावेत. ते चोवीस तास धडधाकट राहिले, म्हणजे पाणी निर्धोक झाले असे समजावे.

प्रवासातील काळजी

बीज बांधण्यापूर्वी केंद्रावर काही तास उपाशी ठेवतात. यात निर्दयपणा नाही. पोट भरलेले मासे वाटेत विष्ठा टाकतात, पाणी दूषित होते व प्राणवायू लवकर संपतो. पिशवीत एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश प्राणवायू असतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाणी सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते, तर ३० अंशांना सुमारे साडेसातच. शिवाय उष्णतेने माशाचा श्वासही वाढतो. यासाठी प्रवास रात्री किंवा पहाटे करावा आणि पिशव्यांवर ओले गोणपाट टाकावे.

वाटेत पिशवी उघडून पाहण्याचा मोह टाळावा. माशांच्या श्वासाने बंद पिशवीत कर्बवायू साठतो व पाणी किंचित आम्ल होते. त्यामुळे साठलेल्या अमोनियाचे विष सौम्य राहते. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो आणि तोच अमोनिया तीव्र होतो. म्हणून पिशवी तळ्याच्या काठावरच आणि सोडण्याच्या वेळीच उघडावी.

बीज सोडण्याची रीत

सूर्योदयापूर्वी तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर पाण्यातील वनस्पतीही श्वसन करतात. भर दुपारी वरचे पाणी तापलेले असते. तेव्हा सूर्य वर आल्यानंतरची सकाळ किंवा उन्हे उतरल्यानंतरची वेळ निवडावी.

प्रथम बंद पिशवी पंधरा ते वीस मिनिटे पाण्यावर, शक्यतो सावलीत, तरंगत ठेवावी. आतील व बाहेरील पाण्याचे उष्णतामान सारखे झाले की तोंड सोडावे. नंतर तळ्याचे पाणी तांब्यातांब्याने, थोडे थांबून, पिशवीत घालावे. दहा-पंधरा मिनिटांत हे काम उरकावे. शेवटी पिशवी आडवी करून तोंड पाण्यात बुडवावे. सशक्त बीज आपण होऊन बाहेर पोहत जाते. उंचावरून पिशवी ओतणे अत्यंत घातक होय.

पडताळणी

मोजून शंभर बीज जाळीच्या पिंजऱ्यात त्याच तळ्यात ठेवावे व दुसऱ्या दिवशी जिवंत किती ते मोजावे. ऐंशी उरले, तर तळ्यातही अंदाजे तेवढ्याच प्रमाणात बीज जगले असे धरून खाद्याचा हिशेब करावा. फारच थोडे उरले, तर हंगाम जाण्यापूर्वी पुन्हा बीज आणता येते. वर्ष वाया जाण्यापासून वाचविणारी ही साधी चाचणी गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक तळ्यावर स्वतः उभे राहून करून घ्यावी.

घरातील काचेच्या टाकीत मासा हलवितानाही हेच नियम लागू पडतात. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघड्या, पसरट भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरावे आणि टाकीतील सर्व पाणी एकदम बदलू नये.

मासा थंडी सोसतो, ऊनही सोसतो. परंतु एका क्षणात झालेला बदल त्यास सोसत नाही. तळ्याच्या काठी खर्च केलेला अर्धा तास वर्षाच्या उत्पन्नाचे रक्षण करतो, हे प्रत्येक मत्स्यपालकाने ध्यानात ठेवावे.