पंचनाम्यात तिचं नाव कुठे बसतं?

पंचगंगेची पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 मध्ये आणि जुलै 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. या आकड्यांवर सगळ्या जिल्ह्याची नजर असते. पाणी ओसरल्यावर मदत घरात कोणाच्या हाती पोचते, हे मात्र तितक्या बारकाईनं कोणी पाहत नाही. ते समजून घ्यायला याच जिल्ह्यातल्या हुपरीचा परिसर बघावा.

हुपरी चांदीची. पैंजणाच्या कड्या जोडणं, घुंगरू बसवणं ही कामं बायका घरबसल्या मजुरीवर करतात. स्वयंपाक आवरला की पुढ्यात ताट, हातात चिमटा. चांदी कारखानदाराची, नजर आणि वेळ तिचा. हे काम रेंदाळ, पट्टणकोडोली, इंगळीपर्यंत पसरलेलं आहे, आणि इंगळी तर पंचगंगेच्या काठावरच.

पाणी वाढलं की माणसं शाळेत हलवतात. तिथे पहिला प्रश्न संडासाचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2016 च्या निकषांप्रमाणे 30 माणसांमागे एक संडास हवा, बायका-मुलांसाठी वेगळी सोय हवी. ‘स्फिअर’ ही जगभर वापरली जाणारी मानकं आणखी पुढे जातात: पुरुषांसाठी एक, तर बायकांसाठी तीन. कारण साधं आहे. बाईला वेळ जास्त लागतो, पाळी असते, सोबत लेकरू असतं. सोय नसली की ती पाणी प्यायचंच कमी करते, अंधार पडायची वाट बघते आणि लघवीचा त्रास ओढवून घेते. दिवा नाही, दाराला आतून कडी नाही, तर संडास असूनही नसल्यासारखा. निवाऱ्याची तपासणी त्या कडीपासूनच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

मग मोजणी. नुसती कुटुंबं मोजून भागत नाही. बायका, पुरुष, वयं, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या अशी वेगवेगळी नोंद लागते. त्याशिवाय पॅड किती मागवायचे आणि बाळंतिणीची खोली कुठे करायची, हे ठरणार कसं? आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदींत यातलं बरंचसं आधीच असतं. त्यांना पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवलं पाहिजे.

खरी गाठ पंचनाम्याची. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चं कलम 61 सांगतं की मदत देताना लिंग, जात, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. पण तलाठी आणि ग्रामसेवक दारात येतात तेव्हा कोणता कागद पुढे येतो, त्यावर बरंच काही ठरतं. सातबारा आला तर बहुतेक वेळा नाव पुरुषाचं. रेशनकार्डाचं वेगळं आहे: 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार त्यावर घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. कोणाचा खाते क्रमांक घ्यायचा, हाही तितकाच मोठा प्रश्न. विधवा आणि परित्यक्ता सासरच्या नावाखाली झाकल्या जातात. त्यांची वेगळी नोंद मुद्दाम करावी लागते.

आणि ते ताट, तो चिमटा? घराची भिंत, जनावर, पीक यांना पंचनाम्यात जागा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत हस्तकला कारागिरांच्या हत्यारांसाठीही मदत आहे, पण त्याला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. घरी बसून कड्या जोडणारी बाई ‘गृहिणी’ म्हणून लिहिली गेली की तिचं नुकसान तिथेच पुसलं जातं. चांदी दुसऱ्याची, म्हणून वाहून गेलेल्या चांदीचा हिशेब मात्र मागे उरतोच.

हे बदलता येतं, आणि महाराष्ट्रानं ते केलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातल्या घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. अनुदान कसं मिळतं, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या घरोघर सांगत आणि बांधकामावर लक्ष ठेवत. चावडीवर अडकणारी माहिती चुलीपर्यंत गेली.

हुपरीच्या आसपास नोंदीचं काम पुराआधी, मे महिन्यात करायचं आहे, वळीव पडायच्या सुमाराला. बचत गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव, ती करते ते काम, तिची हत्यारं आणि तिच्या स्वतःच्या खात्याचा क्रमांक. त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तलाठ्याकडे. आणि असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी करताना व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ऐवजी ‘चांदी कारागीर’.