अमेरिकेचा आयातकर आणि एका घरातील दोन मते

अमेरिकेच्या राजकारणाशी आपले काय देणेघेणे, असे आमचे कित्येक व्यापारी बांधव म्हणत असत. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने औषधे, मोबाइल अशा काही वस्तू वगळून बाकीच्या भारतीय मालावर ५० टक्के जादा आयातकर बसवला, तेव्हा मुरादाबादचे पितळकाम, भदोहीचे गालिचे, मुंबईच्या सीप्झमधील दागिने या सर्वांना त्याची झळ पोचली. त्यातला निम्मा कर रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून होता. हा दर फेब्रुवारी २०२६ मध्ये उतरला. (आम्ही मुद्दाम आयातकर म्हणतो. जकात म्हटले की आमच्या वाचकांना दुसरेच काही आठवते.)

हा वाद दोन पक्षांमधला आहे असे आपल्याकडे समजले जाते. तो खरा पेटला तो एकाच घरात. अमेरिकेतील उजव्या गोटात दोन भाऊ पूर्वीपासून एकत्र नांदत आले. एक कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरावादी: धर्म, कुटुंब, गाव आणि देश यांना जपणारा. दुसरा लिबर्टेरियन: कोणी कोणाकडून काय भावाने घ्यावे यात सरकारने बोलूच नये असे मानणारा. साम्यवादाला विरोध आणि कर कमी करणे, या दोन गोष्टींवर त्यांचे जमत होते.

आयातकरावर मात्र ते कधीच पुरते जमले नाही. १९७६ साली नोबेल मिळवलेले मिल्टन फ्रीडमन सांगत की दुसऱ्या देशाने कर लावला तरी आपण आपला काढून टाकावा, कारण स्वस्त माल मिळणे हाच व्यापाराचा लाभ. रोनाल्ड रेगन त्यांना मानत, पण त्याच रेगन यांनी १९८१ मध्ये जपानला मोटारींची निर्यात आवरायला लावली आणि १९८३ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला वाचवण्यासाठी परदेशी मोठ्या मोटारसायकलींवर जबर कर बसवला. १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन यांनी स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध उमेदवारी लढवली आणि पुढे खुल्या व्यापाराला उघड विरोध केला. तेव्हा ते हरले. त्यांचेच म्हणणे पुढे डोनाल्ड ट्रम्प यांनी उचलले.

परंपरावाद्यांची तक्रार खोटी नाही. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतर नॉर्थ कॅरोलिनातले फर्निचरचे आणि कापडाचे कारखाने एकामागून एक बंद झाले. शर्ट दोन डॉलरने स्वस्त मिळाला, पण शर्ट शिवणाऱ्याचे गाव ओस पडले. भिवंडीत यंत्रमाग भंगाराच्या भावाने जाताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे समजावून सांगायला नको. लिबर्टेरियन मंडळी म्हणतात, माणसाने दुसरा धंदा शिकावा, दुसऱ्या गावी जावे. पन्नाशीच्या कारागिराला असे सांगणे सोपे आहे.

पण औषध काय दिले तेही पाहावे. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी परदेशी कपडे धुण्याच्या यंत्रांवर कर बसवला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील आणि शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी त्याचा हिशेब काढला. यंत्र सुमारे ८६ डॉलरने महागले. गंमत अशी की कपडे सुकवण्याच्या यंत्रावर कर नव्हता, तरी तेही ९२ डॉलरने महागले! दुकानदार मंडळींना याचे नवल वाटणार नाही. दोन्ही यंत्रे जोडीने विकली जातात, आणि वाढ जोडीवर वाटली गेली. नवे रोजगार आले अंदाजे १,८००. म्हणजे एका नोकरीमागे गिऱ्हाइकाच्या खिशातून सालाना सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर गेले.

२०२५ मध्ये तर दराचाही भरवसा उरला नाही. चिनी मालावरचा नवा कर एप्रिलमध्ये काही दिवसांत १४५ टक्क्यांवर चढला आणि मेच्या मध्यावर ३० टक्क्यांवर आला. ऑर्डर दिल्यापासून माल बंदरात उतरेपर्यंत कित्येक महिने जातात. व्यापाऱ्याने भाव कोणत्या हिशेबाने बांधावा? कर जास्त असला तरी धंदेवाला त्याची वाट काढतो. रोज बदलणाऱ्या कराची वाट निघत नाही. मोठ्या कंपन्या गोदामे भरून ठेवतात आणि वॉशिंग्टनला वकील पाठवतात, छोट्याला यातले एकही परवडत नाही.

अखेर छोटेच कोर्टात गेले. १४ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्कचा एक दारूचा आयातदार, पेनसिल्व्हेनियातील मासेमारीच्या सामानाचा विक्रेता, व्हरमाँटमधील सायकलस्वार स्त्रियांचे कपडे करणारी कंपनी असे पाच जण उभे राहिले. त्यांचा खटला चालवला लिबर्टी जस्टिस सेंटर या लिबर्टेरियन विचाराच्या वकिलांच्या संस्थेने. म्हणणे एवढेच होते की १९७७ चा आणीबाणीचा कायदा अध्यक्षाला मन मानेल तसा कर लावू देत नाही, कर लावणे हे संसदेचे काम. आपल्याच गोटातल्या अध्यक्षाविरुद्ध हे वकील उभे राहिले, याची आम्हास कदर वाटते.

२० फेब्रुवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले सहा न्यायाधीश तेथे तीन-तीन असे फुटले. घरातले भांडण न्यायासनापर्यंत पोचले म्हणायचे. ट्रम्प यांनी त्याच दिवशी १९७४ च्या दुसऱ्या कायद्याखाली १० टक्क्यांचा नवा कर जाहीर केला. म्हणजे भांडण मिटले नाही, त्याचे कलम तेवढे बदलले.

आता आपल्या मतलबाचे. वसूल झालेला कर परत मिळायचा तर त्यावर हक्क असतो तो कस्टमच्या कागदावर ज्याचे नाव आहे त्या आयातदाराचा. महाग वस्तू घेतलेल्या गिऱ्हाइकाचे त्यावर नाव नाही. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून ज्या मुरादाबादच्या कारखानदाराने भावात सूट दिली, म्हणजे तो कर अर्धामुर्धा स्वतः भरला, त्याचेही नाही. तेव्हा पुढील सौद्यात कराचे कारण सांगून अमेरिकी गिऱ्हाईक सूट मागेल, तर तो कर रद्द झाल्यास परताव्याची वाटणी कशी, ही एक ओळ करारात लिहून घ्यावी. जुन्या सौद्यांची पत्रे आणि बिलेही सांभाळून ठेवावीत.