कॉपी-पेस्टने पदवी मिळेल, तहकीक येणार नाही
कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकून घ्यावे असे संशोधन आणि लेखन

दहावी-बारावीपर्यंत आपल्या मुलांना एक गोष्ट पक्की शिकवली जाते. प्रश्न आला की पाठ केलेले उत्तर लिहायचे. मग मूल कॉलेजात जाते आणि पहिल्याच सत्रात सूचना लागते, "दिलेल्या विषयावर दहा पानांचा प्रकल्प सादर करावा, संदर्भसूची आवश्यक." इथे पाठांतर कामाला येत नाही. कसे लिहायचे हे कुणी सांगितलेले नसते. घरात कॉलेज शिकलेले दुसरे कुणी नसेल तर विचारायचे तरी कुणाला? मग झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणला जातो, किंवा मोबाईलवर विषय टाकून जे येईल ते उतरवून काढले जाते. गुण मिळतातही. पण तहकीक, म्हणजे संशोधन, शिकायचे राहून जाते.

हे नुकसान पुढे महागात पडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता चार वर्षांची पदवी आली आहे. आपल्या राज्यात संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून हा आराखडा लागू झाला. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे पहिल्या वर्षाचे गुणही या हिशेबात धरले जातात. शिवाय पुढच्या सत्रांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प असतातच. ज्याला पहिल्या वर्षी चार पाने स्वतःची लिहिता आली नाहीत, तो चौथ्या वर्षी शोधनिबंध कसा लिहिणार?

चांगली गोष्ट ही की हे हुनर आहे. शिवणकाम किंवा गाडी चालवणे जसे सरावाने येते, तसेच हेही येते. त्याच्या पायऱ्या समजून घेऊ या.

विषय नको, प्रश्न घ्या

"मालेगावचा पॉवरलूम उद्योग" हा विषय आहे, प्रश्न नाही. यावर कुणीही काहीही लिहील आणि दहा पाने भरतील. त्याऐवजी असे विचारा : "वीज गेल्यामुळे आमच्या मोहल्ल्यातील पॉवरलूम कामगारांच्या आठवड्याच्या मजुरीवर काय परिणाम होतो?" आता काय शोधायचे, कुणाला भेटायचे, काय विचारायचे हे आपोआप ठरते. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी कामगार निवांत भेटतात. दहा-पंधरा जणांशी बोला. प्रत्येकाला तेच पाच-सहा प्रश्न विचारा. आधी परवानगी घ्या आणि प्रकल्पात त्यांची नावे टाकू नका. दहा-पंधरा माणसांवरून सगळ्या शहराचा निष्कर्ष काढू नका, हेही लक्षात ठेवा. "मी ज्या कामगारांशी बोललो त्यांच्यापैकी इतक्यांनी असे सांगितले" एवढेच लिहा. तेवढे खरे असेल तर पुष्कळ आहे.

माहिती मुळापासून घ्या

व्हॉट्सअॅपवर आलेला आकडा म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याकडच्या भाषणांत सच्चर समितीच्या नावाने कितीतरी गोष्टी सांगितल्या जातात. तो २००६ चा अहवाल इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतो, पण उघडून पाहणारे थोडे. बहुतेक मुस्लिम मुले मदरशात शिकतात, असा समज बाहेर सर्रास आहे. अहवाल सांगतो की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणाऱ्यांचे प्रमाण तीन ते चार टक्केच आहे. मूळ कागद वाचण्याचा फायदा हाच की आपले म्हणणे कुणी सहज उडवून लावू शकत नाही.

असे मूळ साहित्य आता हातातल्या मोबाईलवर आहे. जनगणना २०११ चे तक्ते, जिल्ह्यांची गॅझेटियर, मराठी विश्वकोश आणि देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांचा साठा असलेले 'शोधगंगा' हे सगळे विनामूल्य पाहता येते. विश्वकोशातून विषयाची ओळख होते, शोधगंगावर त्या विषयावर आधी कुणी काय काम केले ते कळते. आणि कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारायला लाजू नका. ते त्यांचे कामच आहे.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल एक इशारा. ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके आणि लेख संदर्भ म्हणून देतात. जे पुस्तक किंवा लेख तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो संदर्भसूचीत घालू नका.

हवाला द्यायला शिका

संदर्भ देणे म्हणजे उर्दूत हवाला देणे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. हदीस सांगताना ती कुणी कुणाकडून ऐकली हे सांगावे लागते, एवढे मकतबात जाणाऱ्या मुलालाही माहीत असते. कॉलेजच्या लेखनातही नियम तोच आहे : ही गोष्ट तुम्हाला कुठून कळली ते सांगा.

यासाठी नोंदी काढतानाच शिस्त हवी. वहीत प्रत्येक नोंदीवर लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान क्रमांक लिहा. नोंदीपुढे खूण करा : जशाच्या तशा वाक्याला 'उ' म्हणजे उतारा, आपल्या शब्दांतल्या सारांशाला 'सा' आणि स्वतःच्या विचाराला 'मी'. एवढे केले तर महिन्याभराने कुठले वाक्य कुणाचे, हा गोंधळ होत नाही.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ पासून आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे पुन्हा लिहून देणे, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होणे, इथपर्यंत पायऱ्या आहेत. हवाला देऊन घेतलेला उतारा मात्र चोरी धरला जात नाही.

आपल्या शब्दांत म्हणजे काय?

इथे सर्वात जास्त गडबड होते. समजा मूळ वाक्य असे आहे : "कामगारांना मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते, त्यामुळे वीज गेली की कमाई बुडते."

दोन-तीन शब्द बदलून "मजुरांना मोबदला विणलेल्या कापडाच्या मोजणीवर मिळतो, त्यामुळे वीज खंडित झाली की उत्पन्न बुडते" असे लिहिले, तर ती नक्कलच. पुस्तक बंद करा, समोर लहान भाऊ बसला आहे असे समजा आणि त्याला सांगा. मग लिहा : "लूम थांबला तर कामगार हजर असूनही त्याच्या हाती काही पडत नाही, कारण त्याला दिवसाचा नाही, कापडाचा पैसा मिळतो." हे तुमचे वाक्य. हवाला तरीही द्यायचा, कारण माहिती दुसऱ्याची आहे.

उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी

बी.एड. करून इतकी वर्षे वर्गात शिकवताना एक गोष्ट सतत दिसते. आपली मुले मराठी बोलतात, पण लिहिताना अडखळतात. कारणे साधी आहेत. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. म्हणून 'किताब'च्या सवयीने 'माझी पुस्तक' लिहिले जाते. ण आणि ळ हे उच्चार उर्दूत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी न आणि ल येतात.

सर्वात फसवे असतात ते दोन्ही भाषांतले सारखे दिसणारे शब्द. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'दाखिला' म्हणजे प्रवेश, पण मराठीतला 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र किंवा उदाहरण. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव, मराठीत मात्र शिकस्त करणे म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न. परीक्षेत "खुलासा करा" असे आले आणि विद्यार्थ्याने सारांश लिहिला, तर त्याला विषय येत असूनही गुण जातात. अशा शब्दांची वही ठेवा. पहिला मसुदा उर्दूत सुचत असेल तर उर्दूतच लिहा, त्यात कमीपणा नाही. विचार आधी स्पष्ट होऊ द्या, भाषा दुसऱ्या हाताने सुधारता येते. दोन भाषांतले साहित्य वाचता येणे ही तर संशोधनात ताकदच आहे.

घर, शाळा आणि मोहल्ला

पालकांनी प्रकल्प विकत घ्यायला पैसे देऊ नयेत. त्याऐवजी मुलाला एवढेच विचारावे, "बेटा, यात तू स्वतः काय शोधलेस?" शाळांनी नववीपासून वर्षाला दोन पानांचा एक तरी निबंध हवाल्यांसह लिहून घ्यावा. मोहल्ल्यातल्या वाचनालयांत रविवारी एक-दोन तास सीनियर विद्यार्थी बसले आणि नव्यांचे मसुदे वाचून दिले, तरी खूप फरक पडेल. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

आपल्या वस्त्यांबद्दल, कामगारांबद्दल, शिक्षणाबद्दल बाहेरचे लोक बरेच लिहितात. आपल्याकडून तक्रार होते की ते चुकीचे लिहितात. तक्रारीला उत्तर पुराव्याने द्यावे लागते, आणि पुरावा जमवून नीट मांडणारी पोरे-पोरी आपल्याच घरांतून तयार व्हायला हवीत. सुरुवात पहिल्या वर्षाच्या त्या दहा पानांपासून होऊ शकते. ती पाने स्वतः लिहा.